गेटवरचा मोर्चा, भाच्याचं हजेरी कार्ड आणि बाबांच्या ट्रंकेतल्या तीन पावत्या

जगबुडीकाठ (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या कंपनीच्या गेटवर 'स्थानिकांना काम द्या'चा मोर्चा झाला. मी आतल्या बाजूला होतो. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत मला वीस वर्षं होत आली, आधी ऑपरेटर, आता शिफ्ट इन्चार्ज. जाळीतून बघतो तर घोषणा देणाऱ्यांत माझा सख्खा भाचा. त्याची साप्ताहिक सुट्टी होती. तो आमच्याच प्लँटवर ठेकेदाराकडे ड्रम भरायला आणि सेंट्रीफ्यूज खाली करायला असतो.

मोर्च्याच्या पुढे झेंडा धरून जो चालत होता, त्याच्या मेहुण्याचाच लेबर कॉन्ट्रॅक्ट आहे. झारखंडची पोरं खोलीत दहा-दहा कोंबून ठेवतो तो हाच मेहुणा. हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, तो वेगळा विषय आहे."

मग त्याने खिशातून कार्ड काढून दाखवलं. महिन्यात भरलेल्या पाळ्या २६. पगारपत्रकावर हजेऱ्या १६. उरलेल्या दहांचे पैसे पाकिटातून हातात मिळतात, तेही थोडे कापून. पीएफ सोळांवरच. हे चार वर्षं चाललंय. म्हटलं, याबद्दल मोर्चा का नाही काढत? तर गप्प. थोड्या वेळाने म्हणतो, "ती पोरं कमी पैशात येतात म्हणून आमचा भाव पडतो." हे अगदीच खोटं नाही, म्हणून मलाही पटकन उत्तर सुचलं नाही.

तेव्हा बाबांची ट्रंक आठवली. बाबा मुंबईत लालबागला कापड गिरणीच्या विणखात्यात साचे (माग) चालवायचे. ते गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली तर त्यात एका दोऱ्याने बांधलेल्या तीन प्रकारच्या पावत्या. राष्ट्रीय मिल मजदूर संघाची वर्गणी, लाल बावट्याची वर्गणी, आणि शिवसेनेच्या शाखेच्या गणपतीची वर्गणी. आईला विचारलं तर ती म्हणाली, "एक कायद्यासाठी, एक पगारासाठी, एक नळासाठी."

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणी धंद्यात मालकाशी बोलणी करायचा हक्क एकाच 'प्रातिनिधिक' संघटनेला होता, आणि ती म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांचा तिच्यावर विश्वास नसला तरी सही तिचीच. त्यामुळे गिरणगावात माणसं बोलणी एकाकडे, भांडण दुसऱ्याकडे आणि घरचं गाऱ्हाणं तिसऱ्याकडे घेऊन जायची. १९८१च्या दिवाळीत बोनसवरून जे पेटलं त्यातून लोक कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांकडे गेले, आणि १८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच नाही. बाबा ८३च्या शिमग्याला एसटीने आले ते पालखी झाली तरी परत गेले नाहीत. त्या वर्षी आमच्या वाडीत पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आलाच नाही म्हटलं तरी चालेल.

लगेच काही सगळे अतिउजव्यांकडे वळले असं नाही. १९८४ला इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना गिरणगावाने सामंतांना लोकसभेवर पाठवलं. इकडे तळकोकणात राजापूर मतदारसंघ आधी नाथ पै आणि नंतर मधु दंडवते यांचा, म्हणजे समाजवाद्यांचा बालेकिल्ला. १९९१ला दंडवते पडले. तोवर गावोगाव शाखांचे फलक लागले होते, आणि ते लावणारे बरेचसे संपातून परत आलेल्या चाकरमान्यांचे मुलगे होते. त्यात माझा थोरला भाऊही होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. युनियन म्हणजे काही रोज संप नव्हे. खाडा पडला, बोट साच्यात गेलं, मुकादमाने पाळी बदलली, की कुणाकडे तरी जाऊन बोलायची ती जागा. ती रिकामी झाली की गाऱ्हाणं काही संपत नाही, ते दुसऱ्या दारात जातं. तिथे "तुझ्यावर अन्याय झालाय" हे मन लावून ऐकून घेतात. पण अन्याय कुणी केला ते मात्र तेच ठरवतात, आणि तो नेहमी दुसऱ्या भाषेचा किंवा दुसऱ्या धर्माचा निघतो. ठेकेदार कधीच निघत नाही.

तुमच्याकडे काय अनुभव?

---

विणखातं

वय ७७, सध्या मुक्काम गुहागर. मी शाखेत होतो, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कुणी शोधून काढायला नको.

'अतिउजवे' हा शब्द युरोपातून आणून आमच्या कपाळावर चिकटवू नका. १९६६ला पक्ष निघाला तेव्हा मी अठरा वर्षांचा, मॅट्रिक, टायपिंगच्या दोन परीक्षा पास. ऑफिसात अर्ज नेला की केबिनमधला साहेब दाक्षिणात्य, कारकून दाक्षिणात्य. 'मार्मिक'मध्ये 'वाचा आणि थंड बसा' म्हणून अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या यायच्या. आम्ही त्या मोठ्याने वाचायचो. पुढे गिरणीत बदली म्हणून लागलो. सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर काम, नाही तर परत खोलीवर. रात्री दोनला कुणाच्या बायकोला कळा आल्या तर गाडी शाखेतून यायची. लाल बावट्याचे पुढारी चांगली माणसं होती, पण सभेत व्हिएतनामपासून सुरुवात करायची आणि आमच्या नळापर्यंत पोचेतो शेवटची लोकल जायची.

आता दुसरी बाजूही सांगतो, या वयात कशाला लपवू. डिसेंबर १९६७ला परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. ५ जून १९७०ला कृष्णा देसाईंचा खून झाला. ते आमचे आमदार, कम्युनिस्ट पक्षाचे, व्यायामशाळेत येऊन पोरांना नावाने हाका मारणारे. त्या रात्री आमच्या मजल्यावर स्टोव्ह पेटला नाही. आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या असताना मी माझं आयुष्यातलं पहिलं मत वामनराव महाडिकांना दिलं. ते निवडून आले, पक्षाचे पहिले आमदार. का दिलं, तर सगळी मित्रमंडळी देत होती. याहून चांगलं कारण मला अजून सापडलेलं नाही.

---

कैरीपन्हं

धाग्यात एकही बाई नाही अजून. विणखात्यातल्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या तरी आठवा, त्यातली एक माझी आत्या. संपात तिचं उधारीचं वही-खातं बुडालं, तिला कुठल्याच युनियनने विचारलं नाही.

मी वेंगुर्ल्याकडच्या काजूच्या कारखान्याबद्दल सांगते. बी फोडायला बायका बसतात. टरफलाच्या तेलाने बोटांची सालं निघतात म्हणून हाताला राख लावायची. मजुरी किलोवर, तीही अख्ख्या गराची. तुकडा झाला की भाव खाली. आमच्या आईची बोटं अशी झाली होती की रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन घ्यायचंच नाही, दर महिन्याला वाद. तिथे लाल झेंडा नव्हता, भगवा नव्हता, कुठलाच नव्हता. तक्रार करायची म्हणजे मालकाच्या बायकोच्या हळदीकुंकवाला जाऊन हळूच कानात सांगायची.

आता त्याच हळदीकुंकवात माईक असतो. आधी वाण, मग भाषण, मग आपल्या मुली कशा जपायच्या त्याचा व्हिडिओ. किलोमागचा दर कधी निघत नाही. जगबुडीकाठ म्हणतात ते 'दुसरं दार' बायकांच्या बाबतीत पहिलंच दार आहे. आमच्याकडे जागा रिकामी झाली नाही, ती कधी भरलीच नव्हती.

---

बोटीवरचा

दाभोळचा आहे, इंजिनरूममध्ये असतो, सध्या सुट्टीवर. बोटीवर वाचायला वेळ मिळतो म्हणून थोडं युरोपचं, कारण विणखातं काकांनी तो विषय काढलाच आहे.

धागाकर्त्याचं गणित सगळीकडे तसंच्या तसं बसत नाही. इटलीत सप्टेंबर १९२०ला धातू कामगारांनी कारखानेच ताब्यात घेतले होते. कारखानदार घाबरले, आणि मुसोलिनीच्या टोळ्या कामगारांच्या कचेऱ्या जाळत सुटल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी तिकडे डोळेझाक केली, कित्येकांनी पैसेही पुरवले. तो सत्तेवर आल्यावर ऑक्टोबर १९२५ला कारखानदारांच्या महासंघाने करारच केला की यापुढे फक्त फॅसिस्ट युनियनशी बोलू. पुढच्या वर्षी कायद्याने संपावर बंदी.

जर्मनीतली गंमत आणखी कडू आहे. १९३३ला हिटलरने १ मे ही कामगारांची पगारी सुट्टी जाहीर केली. युनियनवाले कित्येक वर्षं तीच मागत होते. तेही मिरवणुकीत चालले. २ मेला सकाळी त्यांच्या सगळ्या कचेऱ्या ताब्यात, पुढारी अटकेत. नंतर जानेवारी १९३४चा कायदा आला, त्यात मालक हा कारखान्याचा 'नेता' आणि कामगार त्याचे 'अनुयायी'. शब्दशः.

पण लक्षात घ्या, तोपर्यंत संघटित कामगार नाझींकडे फारसे गेलेच नव्हते. १९३३च्या वसंतात, सत्ता हातात असताना, कारखान्यांतल्या कामगार समित्यांच्या निवडणुकांत नाझींच्या संघटनेला चौथाईच्या आसपासच मतं पडली. मग निवडणुकाच थांबवल्या. बेकार झालेले जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. नाझींकडे तुलनेने जास्त वळले ते छोटे शेतकरी, दुकानदार, गावाकडचे प्रोटेस्टंट. म्हणजे तिथे युनियन आधी मेली आणि मग उजवे आले असं झालं नाही. युनियन जिवंत होती म्हणूनच तिला एका सकाळीत मोडावं लागलं.

धागाकर्त्याची गोष्ट हवी असेल तर ती आजच्या फ्रान्समध्ये आहे. डंकर्कला बोट लागली होती तेव्हा तिथल्या एका वेल्डरने सांगितलं आणि मग मी वाचून काढलं. एनां-ब्योमां नावाचं गाव, कोळसा खाणींचा पट्टा, कित्येक पिढ्या लाल. त्या पट्ट्यातली शेवटची खाण १९९०ला बंद. शेजारचा शिसं-जस्ताचा कारखाना २००३ला मूळ कंपनीने वाऱ्यावर सोडला, आठशेवर माणसं एका फटक्यात घरी. २०१४ला त्या गावाने अतिउजव्या पक्षाचा महापौर पहिल्याच फेरीत निवडून दिला. कोळशाऐवजी कापूस घाला, लालबाग तयार.

---

रातपाळी

भारतीय मजदूर संघाचं काम करतो, चिपळूण. वरचा प्रतिसाद वाचून आता कुणीतरी आम्हाला १९३४च्या कायद्यात नेऊन बसवणार, त्याआधीच लिहितो.

दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ला संघटना काढली ती वर्गसंघर्ष नाकारूनच. कारखाना हे कुटुंब आहे असं आम्ही मानतो, १ मेऐवजी विश्वकर्मा जयंती पाळतो. 'उद्योगांचं श्रमिकीकरण' ही आमची घोषणा आहे, ती कुठल्या हुकूमशहाने दिली असती? आम्ही संपही केलेत आणि आपल्याच विचारांच्या सरकारविरुद्ध रस्त्यावरही उतरलोत. जर्मनीत तसं एक तरी करता आलं असतं का? उजवं म्हणजे कामगारविरोधी, हे समीकरण घेऊन बसलात तर चर्चा इथेच संपली.

---

जगबुडीकाठ

@रातपाळी, फरक मान्य. संप करता येतो की नाही, हीच खरी परीक्षा आहे, आणि त्यात तुम्ही पास. पण कुटुंबाचं मला कोडं पडतं. भाचा त्या कुटुंबात कोण लागतो? त्याचा गेटपास पिवळा, आमचा निळा. कँटीनला आमच्यानंतर अर्धा तास. तुमच्या युनियनमध्ये पिवळ्या पासवाला एक तरी सभासद आहे का? (आमच्या पर्मनंटच्या युनियनमध्येही नाही. तिच्या कमिटीत मी सहा वर्षं होतो, तेव्हा हा दगड आधी माझ्याच डोक्यात.)

---

रातपाळी

नाहीत. घेतले की ठेकेदार दुसऱ्या दिवशी पास काढून घेतो. आम्ही तीनदा केलंय, तीन पोरांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतल्या एकाचे वडील अजून माझ्याशी बोलत नाहीत.

---

तळाशील

मालवणीत लिवतंय, समजून घेवा.

माझो आजो गिरणीत होतो. संप सुरू झालो तेव्हा म्हणा होतो, "डॉक्टर आपलो देवबागचो आसा, तो फसवूचो नाय." सामंत देवबागात वाढलले, मगे घाटकोपराक डॉक्टरकी. त्यांनी फसवल्यानी नाय, पण जिकले पण नाय. आजो बिऱ्हाड घेवनच गावाक इलो. आजयेन दोन वर्सा काजी इकून घर चालवल्यान.

आमच्या घरात देवघराच्या बाजूक सामंतांचो फोटो होतो. नव्वद साली तेच्या खालती दुसऱ्या पक्षाचा क्यालेंडर लागला. काकान लावल्यान. वरचो फोटो कोणी काढूक नाय. आजो म्हणा, "भिंत मोठी आसा." ९७च्या जानेवारीत सामंतांका गोळये घातल्यानी तेव्हा क्यालेंडर लावणारो काकाच रडलो.

---

हिशेबनीस

मी पलीकडच्या बाजूचा. लोट्यात माझं छोटं युनिट आहे, चाळीस माणसं, त्यातली अकरा माझ्या पे-रोलवर. शिव्या घालायच्या तर घाला.

८२च्या संपाने मालकांना एक भीती दिली ती अजून गेलेली नाही. माझ्या वडिलांनी ठाण्याचं युनिट ८०च्या दशकात बंद केलं ते गेटवरच्या मारामारीनंतर. मी इथे आलो तेव्हा पहिला सल्ला मिळाला, "कामगार ठेवू नकोस, ठेकेदार ठेव." ठेकेदार म्हणजे मी विकत घेतलेली शांतता. आता २१ नोव्हेंबर २०२५पासून चारही कामगार संहिता लागू झाल्यात. केंद्राच्या जुन्या कायद्यात ठेकेदाराला २० माणसांपासून नियम लागायचे, नव्या संहितेत ५०पासून. कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी आधी १०० किंवा त्याहून जास्त माणसं असली की लागायची, आता ३०० किंवा त्याहून जास्त असतील तरच. मुदतीच्या नोकरीवाल्याला एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळणार ही चांगली बाजूही आहे, ती कुणी वाचत नाही. पण लोट्यातल्या बहुतेक छोट्या युनिटांच्या गेटवर या आकड्यांचा अर्थ एकच निघतो, ठेकेदाराचा भाव वाढला.

आणि एक गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगतो, कारण इथे मला कुणी ओळखत नाही. एका शेडमध्ये दोन भाषा बोलणारी माणसं असली की मालकाला झोप चांगली लागते. हे मी ठरवून केलेलं नाही, ठेकेदारानेच तशी माणसं आणली. पण झालं तेव्हा मला बरं वाटलं, हे खरं.

---

सडेतोड_रत्नागिरी

तेच डाव्यांचं जुनं रडगाणं. गिरण्या कुणी बुडवल्या? संपवाल्यांनी. आता कारखानेही घालवा. एवढाच पुळका असेल तर झारखंडच्या पोरांना घरी जेवायला बोलवा.

---

जगबुडीकाठ

@सडेतोड, बोलावलं होतं, रविवारी. दोघे आले. भाच्यालाही बोलावलं होतं, तो उशिरा आला आणि ओटीवरच मोबाईल काढून बसला. बायकोने भाकरी, सुकटीची चटणी आणि आमटी केली. सुकट बघून एकजण हसला. म्हणाला, आमच्याकडेही सुकी मासळी असते, आम्ही सुखटी म्हणतो. मग भाचा आत आला.

जेवण झाल्यावर मी मुद्दाम कार्ड मागितलं. त्यातल्या मोठ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून काढलं. २६ पाळ्या. पगारपत्रकावर १६. त्याच्या पाकिटातून खोलीचं भाडंही कापलेलं. भाच्याने दोन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसला. सही एकाच कारकुनाची.

आता कुणी म्हणेल पोरगं सुधारलं. काही नाही. रात्री त्याच्या स्टेटसला तेच मोर्च्याचं चित्र होतं, वर वाघ. मला वाईट वाटलं, पण मग बाबांच्या तीन पावत्या आठवल्या आणि म्हटलं, असू दे.

---

विणखातं

सोळा आणि सव्वीसचा खेळ जुना आहे. आमच्या वेळी जॉबर (मुकादम) बदलीवाल्याचा खाडा मांडायचा आणि दिवस स्वतःच्या माणसाच्या नावावर घालायचा. पकडला कसा, तर खानावळीच्या वहीतून. ज्या दिवशी कार्डावर खाडा, त्या दिवशी बाईने जेवणाचा डबा गिरणीत पाठवल्याची नोंद. कैरीपन्हं ताई, तुमच्या आत्यांची वही बुडीत गेली असेल, पण अशा वह्यांनी माणसं सोडवलीत.

जगबुडीकाठ, भाच्याला सांगा गेटच्या सिक्युरिटीचं रजिस्टर मागायला. कारखान्यात आत-बाहेर जाण्याची वेळ तिथे लिहिलेली असते, आणि ते रजिस्टर ठेकेदाराच्या हातात नसतं.

---

हिशेबनीस

काका बरोबर सांगतायत. आणि मुख्य कंपनीलाही जबाबदारी झटकता येत नाही. ठेकेदाराने पगार पूर्ण दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे जुन्या कायद्यातही होतं आणि नव्यातही आहे. अर्जात कंपनीचंही नाव घाला. (हे मी का सांगतोय ते मलाच कळत नाही.)

---

रातपाळी

पीएफच्या पासबुकाची प्रिंट दोघांनीही काढा, चारही वर्षांची. अर्ज मी लिहून देतो. संघटनेचं लेटरहेड वापरत नाही, साध्या कागदावर. निदान पास तरी लगेच जाणार नाही.

---

जगबुडीकाठ

अपडेट. रातपाळींनी अर्ज लिहून दिला, मराठीत एक आणि हिंदीत एक. पाच जणांना दाखवला. भाच्याची आणि त्या मोठ्या पोराची सही झाली. तिसरा आमच्याच वाडीतला. त्याने दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, गणपती होऊ देत, मग बघू.